पिंगळीची दर्यावाली

परभणीपासून समुद्र सगळीकडून सारखाच लांब. मुंबईच्या बाजूनं जा, नाहीतर हैदराबादच्या पलीकडं आंध्रात उतरा. आधी एक रात्र गाडीत काढायची आणि मग विचारत विचारत जायचं. आमच्या लोकांना त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. पाणी म्हटलं की आम्हाला विहीर, बोअर, टँकर आणि धरणाचा सांडवा एवढं आठवतं. अशा गावातल्या आमच्या कॉलेजात शिवलीला शेटे नावाच्या बाई रसायनशास्त्र शिकवायला आल्या आणि त्यांचा विषय होता समुद्राचं पाणी.

अगदी नेमकं सांगायचं तर समुद्राच्या पाण्यात विरघळलेला पालापाचोळा, आणि तो कोणत्या ऋतूत किती उजेड खातो, हा. मी मराठी शिकवते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई नवीन आहेत, आपली फिरकी घेतायत.

त्यांच्या मुलाखतीचा किस्सा कॉलेजात अजून सांगतात. निवड समितीत बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "मॅडम, परभणीत समुद्र कुठं हाय?"

"गंगाखेडला," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे?"

"पुलावर उभं राहून खाली बघा, सर. गोदावरीचं जे पाणी जायलंय ना, ते समुद्रच हाय. फक्त अजून पोचलं न्हाई."

गृहस्थ गंगाखेडचेच निघाले. नेमणूक झाली. मॅडमनी हे मला कधी सांगितलं नाही. सांगायचे ते गृहस्थच, दर कार्यक्रमाच्या भाषणात, आणि दर वेळी स्वतःचा प्रश्न थोडा अधिक खोचक करून.

मॅडम पिंगळीच्या. स्टेशनच्या रस्त्याला त्यांच्या वडलांचं, म्हणजे आप्पांचं, किराणा दुकान. मॅडमचा बांधा ठेंगणा, गळ्यात चांदीच्या करंडकात लिंग, कपाळावर विभूतीचे बारीक पट्टे, आणि त्या पट्ट्यांखाली सतत काहीतरी तपासत असलेले डोळे. हातात ग्लास आला की तो आधी खिडकीकडं धरायचा, मग तोंडाला लावायचा. पाणी असो, ताक असो, नाहीतर लग्नातलं सरबत असो. एकदा प्राचार्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी कढीची वाटी उजेडाला धरली तेव्हा व्याह्यांकडचे लोक जरा गंभीर झाले होते.

कॅन्टीनच्या रहीमचाचांच्या ही सवय फार मनाला लागली. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी चहाचा ग्लास वर केला तसे चाचा काउंटर सोडून आले. "क्या हुआ मॅडम, मख्खी गिरी क्या?"

"न्हाई चाचा, रंग बघायले."

"रंग बराबर है ना?"

"एकदम झकास. दर्याचा बी असाच असतोय, फक्त लय पातळ."

चाचांनी हयातीत दर्या पाहिला नव्हता. आपल्या चहाची त्याच्याशी सोयरीक जुळली म्हटल्यावर त्यांनी ती बातमी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिली. संध्याकाळपर्यंत बाईंचं नाव पडलं होतं, दर्यावाली मॅडम. पुढं हजेरीपटाशिवाय कुठंही शेटे हे आडनाव ऐकू आलं नाही.

मला तो विषय समजावला तोही चहावरच. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "मॅडम, खरं सांगा, समुद्रात बघण्यासारखं काय काय असतं. मासे, मोती, बुडालेली जहाजं. तुम्ही पालापाचोळ्यावर कशा गेलात?"

"हे बघ सुनंदा," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून त्या मला एकेरीच हाक मारायच्या आणि मी त्यांना कायम मॅडमच म्हणत राहिले. "पत्ती पाण्यात उकळली. गाळणीनं गाळून घेतली. पत्ती गेली. रंग गेला का?"

"नाही."

"मग गाळलं तरी जे मागं राहतंय, ते माझं."

मग त्या रंगात आल्या. झाडाची पानं, गवत, मुळं, सगळं कुजून पाण्यात उतरतं, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातं. समुद्रात ते इतकं पातळ होतं की डोळ्याला कळत नाही, पण यंत्राला कळतं. कारण ते उजेड खातं. लाल उजेड सोडून देतं, निळा आधी खातं आणि डोळ्याला न दिसणारे जांभळ्याच्या पलीकडचे किरण तर त्याहून जास्त. म्हणून चहा तांबूस आणि म्हणून नदीच्या मुखाजवळचा समुद्र निळाशार दिसत नाही.

"आणि ऋतूंचं काय?"

"पावसाळ्यात नद्या नवा रंग आणून ओतायल्या. पाऊस सरला की ऊन तो रंग उडवायलंय, दोरीवर इसरलेल्या लुगड्यासारखा. उन्हाळ्यात वरचं पाणी फिकं पडतंय, पण खाली जिथं ऊन पोचत न्हाई तिथं रंग तसाच बसलेला. वारं सुटलं, पाणी ढवळलं, की खालचं थोडं वर."

"एवढंच?"

"एवढंच. पण वर्षभर दर महिन्याला त्याच जागी जाऊन पाणी आणलं, की मग 'एवढंच' म्हणायचा अधिकार येतोय."

मी उपयोग विचारला. मराठीवाल्यांनी उपयोग विचारू नये, तरी विचारला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बांधावरचं लिंबाचं झाड कसं असतंय? सावलीनं पीक मारतंय, अन् दुपारी त्याच सावलीला माणूस बसतोय. तसंच हाय हे. समुद्रातल्या बारीक शेवाळाचा उजेड खातंय, म्हणून शेवाळ कमी, शेवाळ कमी म्हणून मासे कमी. अन् कडक किरणांपासून त्याच शेवाळाला राखतंय बी. किती खातंय अन् कधी खातंय, हे कळायला नको?"

हे सगळं त्या आंध्रच्या किनाऱ्यावर एका संस्थेत शिकल्या होत्या. जागा मुद्दाम मागून घेतली होती, गोदावरीच्या मुखाशी. आपल्याकडचं पाणी शेवटी जातं कुठं ते बघू म्हणून. हिवाळ्याचं पाणी मोजून झालं, उन्हाळ्याचं झालं. पावसाळा तोंडावर आला आणि पिंगळीहून फोन आला की आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. भाऊ नव्हता. माय एकटी दुकान बघणार का आप्पांना उचलून बसवणार? मॅडम बॅग भरून आल्या. त्यांचं संशोधन एका पावसाळ्यावाचून तसंच राहिलं. वरिष्ठांनी दुसऱ्या कुणाला पाठवून ते महिने भरून काढू म्हटलं, तर मॅडम नको म्हणाल्या.

"दुसऱ्यानं आणलेल्या पाण्यावर सही कशी करू?" एवढंच त्या त्यावर बोलायच्या. उसासा वगैरे नाही. भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं, "माझा पावसाळा राहिला," म्हणायच्या आणि पुढच्या तासाला जायच्या.

रविवारी त्या दुकानात बसायच्या. आप्पा आत पलंगावर, दार उघडं, म्हणजे त्यांना गिऱ्हाईक दिसावं. मॅडम गुळाच्या ढेपा फिक्यापासून काळ्यापर्यंत ओळीनं मांडायच्या आणि आप्पा डाव्या हाताच्या बोटानं चुकलेली ढेप दाखवायचे. बापलेकीचा तो खेळ होता. एखादी बाई म्हणायची, काळा गूळ नको, पिवळा द्या. मॅडम म्हणायच्या, "काकू, रंगावरनं निकाल देऊ नका. रंग कुठनं आला ते विचारा." पिवळ्या गुळात काय काय घालतात त्यावर मग छोटं व्याख्यान व्हायचं आणि काकू काळा गूळ घेऊन जायची. हेच वाक्य त्यांनी एकदा स्टाफरूममध्ये, एक सहकारी मुलासाठी पाहिलेल्या मुलीला "जरा सावळी आहे" म्हणत होते, तेव्हा वापरलं. पुढं ते सहकारी त्यांच्यासमोर सोयरिकीचा विषय काढीनासे झाले.

पण त्या वाक्याचा खरा कस लागला तो विहिरीच्या प्रकरणात.

धुरपताबाई नावाची एक मेंढपाळ बाई पिंगळीच्या दुकानात येत असे. तिचं कुटुंब मेंढरं घेऊन फिरायचं. सुगीनंतर पिंगळीच्या शिवारात मेंढरं बसायची तेव्हा मीठ-मिरची आप्पांकडून. एका वर्षी दिवाळीनंतर ती एसटीनं एकटीच आली आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. मी योगायोगानं तिथं होते.

"बाई," ती मॅडमना म्हणाली, "आमाला उठवायलेत."

त्यांचा मुक्काम तेव्हा चारठाण्याच्या अलीकडं एका गावात होता. गावाचं नाव सांगत नाही. तिथं देवळापाशी दगडी पायऱ्यांची जुनी विहीर आहे. नळाला पाणी नसलं की सगळं गाव तीच वापरतं. त्या विहिरीचं पाणी अचानक तांबडं झालं होतं, आणि विहिरीपासून थोड्या अंतरावर धुरपताबाईची मेंढरं बसलेली. गावानं दोन आणि दोन चार केले. मेंढरांचं मूत पाण्यात उतरलं म्हणाले. पोरांनी राहुट्यांच्या दोऱ्या कापल्या होत्या. रविवारी बैठक होती आणि त्यानंतर त्या शिवारात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ठरायचं होतं. चारा तिथंच होता, गाभण मेंढ्या होत्या, इतक्यात दुसरीकडं हलणं म्हणजे कोकरं गमावणं.

"पाणी गढूळ हाय का?" मॅडमनी विचारलं.

"गढूळ न्हाई ओ. तळ दिसतोय. चहावानी हाय."

मॅडमचे डोळे बदललेले मी पाहिले. "आसपास झाडं कोणती?"

"बाभळी व्हत्या मोठाल्या. आता तोडल्यात."

रविवारी आम्ही दोघी स्कूटीवरून निघालो. जिंतूरपर्यंत माझी कंबर शाबूत होती, पुढचं काही सांगत नाही. मॅडमच्या पिशवीत दोन काचेचे ग्लास आणि दुकानातून घेतलेली हिराकसाची पुडी होती. हिराकस म्हणजे ते हिरवट खडे, पूर्वी शाई करायला वापरायचे.

विहिरीवर गाव जमलं होतं. मध्ये गणपतराव, देवळाच्या समितीचे प्रमुख, पांढरं धोतर, आवाज खर्जातला. धुरपताबाई एका बाजूला, तिची माणसं तिच्या मागं. मॅडमनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मी पाण्याचा रंग बघते. तेवढंच मला येतंय. बघू का?"

"बघा की," गणपतराव म्हणाले. "डोळ्याला दिसायलंय तेच दिसंल."

मॅडमनी एका ग्लासात विहिरीचं पाणी घेतलं. धुरपताबाईच्या सुनेला सांगून मेंढरांच्या लेंड्या बादलीत भिजवून ठेवल्या होत्या. ते पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या ग्लासात. मग दोन्ही ग्लास पायरीवर उन्हात ठेवले आणि स्वतः बाजूला झाल्या.

"मामा, विहिरीचं कोणतं?"

गणपतराव वाकले. दोन्ही सारखेच तांबूस. त्यांनी वास घ्यायला नाक पुढं केलं, पण एवढ्या लोकांत लेंड्यांचा वास घ्यायचा म्हणून मागं झाले. "न्हाई सांगता येत," ते म्हणाले.

"मला बी न्हाई येत," मॅडम म्हणाल्या. "रंग सारखाच हाय. म्हणून रंगावरनं धुरपताबाईला उठवू नका, अन् मी म्हणते म्हणून सोडू बी नका."

त्यांनी पुडी सोडली आणि दोन्ही ग्लासांत हिराकसाची चिमूट टाकली. डावीकडचं पाणी जरासं मळकट झालं, बस. उजवीकडच्या ग्लासात एक काळपट धागा खाली उतरला, पसरला, आणि बघता बघता सगळं पाणी निळं-काळं झालं.

"हे विहिरीचं," मॅडम म्हणाल्या. "बाभळीच्या सालीत, शेंगांत जो तुरट रस असतोय, तो हिराकसाशी मिळाला की काळा होतोय. विहिरीत बाभळ भिजायली."

गणपतराव काळ्या ग्लासाकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "माझा आजा अशीच शाई करायचा. बाभळीच्या शेंगा उकळून. मी ढवळायला बसायचो." त्यांनी ग्लासात बोट बुडवलं आणि वाकून दगडी पायरीवर 'श्री' काढला. ठसठशीत उठला. मग त्यांनी मागं वळून विचारलं, "बाभळी तोडल्या तव्हा फांद्या कुठं टाकल्या?"

बाभळी समितीनंच तोडल्या होत्या, देवळाच्या भिंतीला मुळं जातात म्हणून. फांद्या आणि सालीचा ढीग विहिरीच्या वरच्या कठड्याला लावला होता. परतीच्या पावसानं तो आत ओढला होता आणि खालच्या पायऱ्यांवर पाण्यात बुडून बसला होता. तळ दिसत होता, पण तळाकडं कुणी बघितलं नव्हतं.

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "रंग कुठला ते कळलं. जंतू हायत का न्हाईत, ते ह्यातनं कळत न्हाई. पाणी तपासायला पाठवा, तवर उकळून प्या. अन् मेंढरं विहिरीच्या चढाला बसवू नका, हे बी खरंच हाय."

"उताराला बसवलीत माय," धुरपताबाई पहिल्यांदाच बोलली. "कोणी बघाया आलंच न्हाई."

गणपतरावांनी हात जोडले. वयानं एवढा मोठा माणूस, मला कसंसंच झालं. धुरपताबाईला काही झालं नाही. ती म्हणाली, "हात नका जोडू. दोऱ्या कापल्यात त्या बांधून द्या." आणि गणपतराव खरंच गेले. मागं दोऱ्या कापणारी पोरंही गेली. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा एकीकडं राहुट्या उभ्या राहत होत्या आणि दुसरीकडं विहिरीतून ओल्या फांद्या बाहेर निघत होत्या.

जिंतूरला चहाला थांबलो. मॅडमनी ग्लास सरळ तोंडाला लावला. उजेडाला धरायचं त्या विसरल्या होत्या.

"मॅडम, पाणी काळं झालं नसतं तर?"

"मग काळं झालं न्हाई म्हणून सांगावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. म्हणून तर घरी आधी करून बघितलं न्हाई की ती बाभळच हाय का. धुरपताबाईनं आणून दिलं असतं पाणी. पण आधी बघितलं असतं तर जायचं का न जायचं, हे मी निकालावरनं ठरवलं असतं."

त्या वाटेनं घरी येईपर्यंत मी कंबरेची तक्रार केली नाही.

त्या गावात पुढं एक गंमत झाली. विहिरीचं तांबडं पाणी भरून मॅडमनी दोन बाटल्या देवळाच्या गुरवाकडं देऊन ठेवल्या होत्या, एक उघड्या काचेची आणि एक काळ्या फडक्यात गुंडाळलेली. दोन्ही गच्चीवर उन्हात. बऱ्याच आठवड्यांनी गुरवानं फडकं सोडलं तर आतलं पाणी होतं तसं आणि उघडं पाणी चांगलंच फिकं पडलेलं. गुरवानं ते आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली. लोक देवाला हात जोडून मग बाटल्याही बघून जात. मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नैवेद्य दाखवू नका म्हणावं फक्त."

अशी वर्षं गेली. आप्पा लिंगैक्य झाले. शेवटच्या काळात त्यांना लेक कोण आणि गिऱ्हाईक कोण हे कळत नव्हतं, तरी ढेपेकडं बोट जायचं. दुकान मायला एकटीला चालवेना. महिनाभरानं मॅडम एकदा कॅन्टीनमध्ये सहज म्हणाल्या, "सुनंदा, मी जाते म्हणते. पावसाळा आणायला."

त्यांच्या वेळची एक कनिष्ठ मैत्रीण आता आंध्रातल्या त्याच संस्थेत शास्त्रज्ञ होती. ती म्हणाली होती, या, बोट आहे, यंत्रं तुमच्या वेळेपेक्षा बरी आहेत, आणि त्या जागेचं पावसाळ्यातलं पाणी अजूनही नीट कुणी मोजलेलं नाही. एकच अडचण होती, माय. तिला एकटं ठेवता येईना आणि ती सोबत येईल असं वाटेना.

मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लग्नाला न्हाई म्हणलीस तव्हा बी इतकं साफ बोलली न्हाईस. कोण हाय तिथं?"

"पाणी हाय माय."

"पाणी," माय माझ्याकडं बघून म्हणाली. "ऐक बाई. पाणी बघायला समुद्रावर जायलीय म्हणं. चल, मी बी येते. कळू दे तरी, एवढं काय हाय त्यात."

गणपतीच्या सुट्ट्यांत आम्ही तिघी निघालो. मला मायच्या सोबतीला घेतलं होतं. सिकंदराबादला गाडी बदलली, पुढं बस, पुढं ऑटो. किनाऱ्यावर उतरलो तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहत होते, आणि तो निळा नव्हता. गोदावरीला पूर होता. डोळा पोचेल तिथपर्यंत पिवळसर, मातकट पाणी.

मायनं पदर कमरेला खोचला, बघितलं, आणि म्हणाली, "ही तर आपली दुधना नदीच हाय. एवढ्या लांब कशाला आणलं?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना वाळूत बसावं लागलं.

तिथं मला एक गोष्ट कळली जी त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्यांना बोट लागायची. थोडीथोडकी नाही, बोट धक्का सोडायच्या आत त्यांचा चेहरा उतरायचा आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत पोटात काही राहायचं नाही. जुने नावाडे त्यांना त्यावरूनच ओळखत होते. त्यांना पुन्हा आलेलं बघून एक म्हातारा तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मी मॅडमच्या मैत्रिणीला विचारलं, काय म्हणाला?

"म्हणाला, माशांना चारा घालणाऱ्या बाई परत आल्या."

मासे मॅडम खात नव्हत्या, मासेवाल्यांशी मात्र त्यांचं चांगलं जमायचं. मोडक्या तेलुगूत त्या भाव विचारायच्या, घ्यायच्या काहीच नाहीत, आणि तरी कोळणी त्यांना बसायला टोपली उलटी करून द्यायच्या.

पहिलं पाणी आलं, गाळलं, यंत्रात घातलं. मॅडम यंत्रासमोर पाठ ताठ करून बसल्या होत्या. पडद्यावर रेघ उमटली. मला वाटलं, काम झालं, राहिलेला पावसाळा मिळाला.

"कमी हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"रंग. मला वाटलं त्यापेक्षा लय कमी. गाळ एवढा हाय, पण गाळल्यावर मागं काही राहिलं न्हाई." मग एकदम कपाळावर हात मारला, विभूती बोटाला लागली. "पहिला पूर गेला, सुनंदा. पत्तीवर पहिल्यांदा पाणी ओतलं की जो रंग उतरतोय, तो पुन्हा ओतल्यावर उतरतोय का? उन्हाळाभर वाळलेला सगळा पाला पहिल्या पुरातच धुऊन आला असणार. मृगात यायला पाहिजे होतं. आपण दुसऱ्या पाण्याला आलो."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी मृगापासून बसायचं. अन् तोवर मधले महिने बी घ्यायचे. सगळंच पुन्हा."

इतक्या वर्षांनी मिळालेलं पाणी चुकीचं निघालं आणि ही बाई खुश दिसत होती. आपण इतके दिवस ज्याला उत्तर समजत होतो ते उत्तर नाही, हे कळल्यावर माणसाचा चेहरा असा उजळतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "कॉलेजचं काय?" त्या म्हणाल्या, "राजीनामा लिहायला तू मदत कर. मराठी तुझं बरं हाय."

मला वाटलं होतं, मायला समजवावं लागेल. माय तोवर शेजारच्या कोळणीच्या ओट्यावर बसून तिला ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळायला शिकवत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी अखंड बोलत होत्या. राहायचं म्हटल्यावर माय एवढंच म्हणाली, "दुकानाची किल्ली सुनंदाकडं दे. उंदरं बघंल."

त्यानंतर प्रत्यक्ष भेट नाही. फोन होतात. मृग आला आणि गेला, पहिला पूर त्यांनी धरला आणि त्यांचा अंदाज खरा निघाला, असं त्यांनी मला हवामानाची बातमी सांगावी तसं सांगितलं. पुढं म्हणाल्या, एका वर्षावरून काही म्हणता येत नाही. चाचांना मी हे कळवलं. ते म्हणाले, "उनकू बोलो, दर्या कहीं भागनेवाला नहीं."

त्या वेळी किनाऱ्यावरून मी परत निघाले त्या सकाळी मॅडम मला सोडायला येऊ शकल्या नाहीत, कारण बोट त्याच वेळी सुटत होती. मायनं गूळ-शेंगदाणे बांधून दिले. माझा ऑटो किनाऱ्याच्या रस्त्यानं चालला होता आणि बोट मुखातून बाहेर पडत होती, लाटेवर चढत, उतरत. मी ऑटो थांबवायला सांगितला. मागच्या टोकाला मॅडम दिसल्या, कठड्यावर पोटापर्यंत वाकलेल्या, एका हातानं गळ्यातला करंडक सावरून धरलेला. नावाड्यानं इंजिन हळू केलं आणि त्यांच्याकडं वळून पाहिलं. बोट जागच्या जागी डुलू लागली. मला वाटलं, आता परत फिरवतात. मॅडम सरळ झाल्या. पदरानं तोंड पुसलं, आणि हात लांब करून त्याला पुढं दाखवलं.